नॉमिनीचा रकाना

गेल्या वर्षी माझ्या फुफ्फुसात डाग निघाला आणि माझी माणसं मला पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसली. न दिसती तर बरं झालं असतं.

मी कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन मापवाल्याबरोबर पाठवतात. मी त्यावरून प्लास्टरचा साचा काढतो, मेणात एकेक दात बसवतो, मग गुलाबी हिरडी ओततो, घासतो, चमकवतो. पस्तीस वर्षं हेच चाललंय. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानाच्या फळ्यांवर लोकांची तोंडं रांगेनं मांडलेली असतात, प्रत्येकाच्या बुडाशी तारीख आणि डॉक्टरचं नाव. बायको म्हणायची, "इतकी तोंडं घरात, पण एकही उलटून बोलत नाही." तिला जाऊन तीन वर्षं झाली. मूलबाळ आम्हाला झालं नाही.

खोकला जुनाच होता. पण त्या हिवाळ्यात बरगडीखाली टोचायला लागलं म्हणून दाखवायला गेलो, तर डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला, चष्मा सारखा करून पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "डाग आहे. सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवू. दोन आठवडे लागतील. घरी कोण आहे?"

"भाऊ आहे," मी म्हणालो.

घरी नव्हता तो. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात आहे. माझी बायको गेल्यापासून मोजून चार वेळा माझ्याकडे आला असेल. पण असा प्रश्न विचारल्यावर माणूस दुसरं काय सांगणार? घरी आल्यावर मी त्याला फोन केला. डाग, सुई, दोन आठवडे, सगळं सांगितलं.

"अरे बापरे," धाकटा म्हणाला. मग श्वास घेऊन म्हणाला, "दादा, वहिनी गेल्यावर पॉलिसीवरचं नाव बदललंस का रे?"

मला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय. लग्नानंतर लगेच मी आयुर्विम्याची एक पॉलिसी काढली होती. मरेपर्यंत चालणारी, मेल्यावर पैसे देणारी. नॉमिनी म्हणून बायकोचं नाव. हप्ते जात होते, कागद कपाटात होता, ती गेली तरी त्या रकान्यात तिचंच नाव होतं. मला ते कधी खटकलं नाही. उलट कुठेतरी तिचं नाव अजून चालू आहे याचं बरं वाटायचं.

"नाही बदललं," मी म्हणालो.

"हं. असू दे. तू आता कसलीही काळजी करू नकोस. आम्ही येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा आणि भावजय दोन बॅगा घेऊन हजर. भावजयीनं पदर खोचला आणि घर आवरायला काढलं. घर माझं काही उकिरडा नव्हतं. एकटा माणूस ठेवतो तसं होतं. पण तिनं आधी गाद्यांखाली झाडलं, मग कपाटं रिकामी केली, मग माळ्यावरची ट्रंक उतरवली. "किती धूळ, किती धूळ," असं म्हणत ती प्रत्येक कागद उलगडून पुसत होती. विजेची जुनी बिलं कुणी फडक्यानं पुसतं का? संध्याकाळी पाहिलं तर पॉलिसीची फाईल माझ्या कपड्यांखालून निघून टेबलावर आली होती, वर पाण्याचा तांब्या ठेवलेला, जणू काही ती तिथेच असते.

धाकट्यानं माझ्या पायांना तेल लावायला घेतलं. आयुष्यात या भावानं माझ्या पायाला हात लावला नव्हता. लहानपणी लाथ तेवढी मारलेली. आता वाटी शेजारी ठेवून, पाय मांडीवर घेऊन, एकेक बोट चोळत होता. त्याचे हात मऊ, ओलसर, आणि चोळताना त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. मला शिसारी आली. पण पाय ओढून घेतला तर काय म्हणेल, म्हणून तसाच पडून राहिलो. आजारी माणसाला नाही म्हणायचाही हक्क राहत नाही.

चौथ्या दिवशी बेबी आली. बेबी म्हणजे आमची बहीण, आता बावन्न वर्षांची, पण घरात बेबीच. तिला धाकट्यानं काहीच कळवलं नव्हतं. तिनं ते दुसऱ्याच कुणाकडून ऐकलं आणि दारातून आत येतानाच रडायला लागली. रडता रडता भावजयीकडे असं पाहिलं, की साच्यातलं मेण वितळावं.

"मला परकी केलीत," ती म्हणाली. "दादाची एवढी मोठी गोष्ट, आणि मला शेवटी!"

"तुम्हाला त्रास नको म्हणून हो," भावजय म्हणाली.

त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात दोन बायका आणि एक शेगडी. एक सूप करायची, दुसरी त्यात मीठ जास्त झालंय म्हणायची. बेबी मला चमच्यानं भरवायची, आधी फुंकर मारून. मला हात होते, दात होते, सगळं होतं. पण तोंड उघडल्याशिवाय ती चमचा खाली घेत नसे. अर्धी वाटी राहिली की सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "टाकू नका, दादाचं उष्टं मला चालतं," आणि स्वतः पिऊन टाकायची.

एकदा मी तिच्या मागोमाग हात धुवायला उठलो. बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. बेबी बेसिनवर वाकून जीभ खरवडत होती. बोटानं, मग साबणाच्या बोटानं. थुंकत होती, चूळ भरत होती, पुन्हा थुंकत होती. हा आजार उष्ट्यानं लागतो असं तिला वाटत असावं. भीतीनं डोळे पांढरे झाले होते बिचारीचे. तरी ती रोज अर्धी वाटी प्यायची आणि रोज जाऊन जीभ खरवडायची. मी आवाज न करता परत येऊन पडलो.

बेबीचे यजमान जुन्या गाड्यांची दलाली करतात. गाडीभोवती एक चक्कर मारली की ती कुठे ठोकली होती ते सांगतात. ते आले आणि खाली दुकानात जरा फिरून येतो म्हणाले. वर मला त्यांची पावलं ऐकू येत होती. सरळ, थांबली, वळली, परत सरळ. माणूस पावलांनी लांबी-रुंदी मोजत होता. वर येऊन खुर्चीत टेकले, काडीनं दात कोरले, आणि काडीच्या टोकाला जे आलं ते पाहून परत तोंडात घातलं.

"पॉलिशचं मशीन अजून चांगलं आहे हं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक मिळेल."

"मी अजून वापरतोय, जावईबुवा," मी म्हणालो.

"छे छे, मी आपलं सहज."

मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. विमा कंपनीचा, नॉमिनी बदलण्याचा अर्ज. माझं नाव, पॉलिसीचा नंबर, सगळं भरलेलं. नॉमिनीच्या रकान्यात बेबी, नातं: बहीण. खाली सहीच्या जागी पेन्सिलनं फुली. पॉलिसीचा नंबर यांना कुठून मिळाला, हे मी विचारलं नाही. फाईल टेबलावरच होती.

"मयत माणसाचं नाव ठेवलं की मागे फार लफडी होतात," ते समजावून सांगायला लागले. "कोर्ट, वारस दाखला, वर्षानुवर्षं. तुमच्यामागे कुणाला त्रास नको म्हणून म्हणतो."

"ठेवा तिथे. वाचतो," मी म्हणालो.

कागद फाईलवर ठेवायला गेलो तर फाईलच्या आत आधीच एक तसाच अर्ज होता. तोही भरलेला. त्यात धाकट्याचं नाव, आणि फुली शाईनं. दोन्ही कागद मी एकावर एक ठेवले, तांब्या वर ठेवला.

त्या दुपारी मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. दोन खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत आहे. पलीकडे कुणी बांगडी सरकवली तरी ऐकू येते. मला झोप लागली असं समजून चौघं स्वयंपाकघरात बसले. आधी कुजबुज, मग आवाज चढले, मग पुन्हा कुजबुज.

"दोघांची नावं टाकता येतात," जावईबुवा सांगत होते. "पुढे टक्के लिहायचे. मी विचारून आलोय."

"मग निम्मं-निम्मं करा," बेबी म्हणाली.

"निम्मं कसं?" भावजय म्हणाली. "आम्ही पहिल्या दिवसापासून आहोत. ह्यांनी रजा टाकलीय. पाय मी चेपते का तुम्ही?"

"पाय तर भाऊ चेपतो."

"मग भाऊ कुणाचा नवरा?"

"हळू बोला गं," धाकटा म्हणाला. "साठ-चाळीस करू. आणि दुकान नंतर बघू."

"दुकान नंतर म्हणजे?"

"म्हणजे नंतर. आधी हे तर होऊ दे."

"हे" म्हणजे मी. मी भिंतीवरच्या रंगाचा एक पोपडा नखानं उकलत होतो. राग येईल असं वाटलं होतं, पण राग आला नाही. किळस आली. भात चिवडताना त्यात केस सापडावा, ओढावा, आणि तो संपूच नये, तशी.

संध्याकाळी तिसरा अर्ज आला. त्यात दोघांची नावं, पुढे टक्के, सगळं ठरल्याप्रमाणे. चौघं पलंगाभोवती उभे राहिले. धाकट्यानं पेन उघडून माझ्या बोटांत दिलं, जावईबुवांनी कागदाखाली वही धरली.

"रिपोर्ट येऊ दे की," मी म्हणालो.

"रिपोर्टनंतर पळापळ सुरू होईल, दादा," बेबी म्हणाली. "औषधं, सुया. तेव्हा हात चालेल न चालेल." एवढं बोलून तिनं माझ्या कपाळावरून हात फिरवला.

खरं सांगतो, मी सही करणार होतो. प्रेमानं नव्हे. ते सगळे बाहेर जावेत, दार लागावं, आणि मला एकट्याला श्वास घेता यावा म्हणून. पेन टेकवलंही होतं. पण तेवढ्यात खोकल्याची अशी उबळ आली की मी दुमडलो आणि कागदावर थुंकीचे शिंतोडे उडाले. चौघंही एकदम एक पाऊल मागे सरले. जावईबुवांनी वही सोडून दिली. कुणी पाणीसुद्धा आणलं नाही, आधी आपापले हात पाहिले. नवा अर्ज आणायला दोन दिवस सुट्टी आडवी आली, आणि त्यानंतर रिपोर्टचाच दिवस उजाडला.

रिपोर्टला माझ्यासोबत धाकटा आला. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि हसले.

"कॅन्सर नाहीये. तुम्ही इतकी वर्षं प्लास्टर आणि कवळ्या घासताय, ती सगळी धूळ आत बसलीय. त्याचा व्रण आहे. बरा होणार नाही, पण सांभाळलंत तर वाढणारही नाही. तोंडाला मास्क लावा आणि धूळ ओढून घेणारं यंत्र बसवा. अजून वीस वर्षं कवळ्या कराल."

मी धाकट्याकडे पाहिलं. का पाहिलं कोण जाणे. आनंद वाटून घ्यायला माणूस शेजारच्याकडे पाहतोच. त्याचा चेहरा उतरला होता. लपवायलाही त्याला वेळ मिळाला नव्हता. परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा तो त्या कागदाकडे बघत होता.

"नक्की ना, डॉक्टर?" तो म्हणाला. "चुकलं तर नसेल? एकदा दुसरीकडे तपासून घेऊ या का?"

डॉक्टरांना भरून आलं. त्यांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "भाऊ असावा तर असा."

बाहेर येऊन मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो. धाकटा खिडकीपाशी जाऊन फोनवर बोलत होता. पाठमोरा होता, पण आवाज येत होता. "नाही गं. नाही निघालं काही. नाही... धूळ म्हणे. हो ना." त्या "हो ना"मध्ये जे होतं ते मी इथे लिहू शकत नाही. ते ऐकायलाच हवं, आणि कुणावर ती वेळ येऊ नये.

घरी पोचलो तेव्हा भावजयीनं बॅगा भरून दारात ठेवल्या होत्या. शेगडीवर पातेलं होतं, खालचा गॅस बंद, भाज्या अर्धकच्च्या. "बरं झालं हो भाऊजी, सगळं चांगलं निघालं," ती म्हणाली. "ह्यांची रजा उगाच गेली." बेबी आलीच नाही, तिनं फोन केला. फोनवर हसली, रडली, आणि म्हणाली की तिच्या गुडघ्याचं दुखणं वाढलंय, आता काही दिवस जिने चढायला डॉक्टर नको म्हणालेत.

मला वाटलं, सुटलो. खाली जाऊन दुकान उघडलं. दोन आठवड्यांची मापं साठली होती. हात धुतले, मेण गरम करायला ठेवलं, आणि स्टुलावर बसलो तसा पाय आपोआप पुसायला लागलो. तेलाचा चिकटपणा कधीच गेला होता, तरी फडक्यानं पाय घासत होतो. आणि घासता घासता मला वस्ताद आठवले.

वस्तादांकडे मी काम शिकलो. हे दुकान त्यांचंच. तीस वर्षांपूर्वी ते आजारी पडले तेव्हा त्यांच्याजवळ मीच होतो. बायको नव्हती. एकुलती एक मुलगी होती, पण तिनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्यांनी बोलणं टाकलं होतं. शेवटचे तीन महिने मी त्यांचे पाय चेपले. चांगले चेपले, मन लावून. लोक म्हणायचे, पोटच्या पोरानं केलं नसतं इतकं हा करतो. त्यांच्याही विम्याच्या कागदावर मुलीचं नाव होतं. एके दिवशी मी अर्ज आणला, माझ्या अक्षरात भरला आणि त्यांच्या हातात पेन दिलं. नातं: मुलासमान. तेव्हा तसं लिहिलेलं चालायचं. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून मनगटाखाली मी माझा हात दिला.

त्याच आठवड्यात त्यांची मुलगी दारात आली होती. मी दार अर्धंच उघडलं. म्हणालो, "झोपलेत." दुसऱ्या दिवशी आली. "झोपलेत." वस्ताद जागे होते. आतून त्यांनी विचारलं, "कोण आहे रे?" दार लावून मी म्हणालो, "कुणी नाही, मापवाला."

दुकान वस्तादांकडे भाड्यानं होतं; ते गेल्यावर त्या पैशांनी मी ते मालकाकडून माझ्या नावावर करून घेतलं. पुढे लग्न केलं. बायकोला मी यातलं अर्धंच सांगितलं, पाय चेपल्याचं. ती मला फार चांगला माणूस समजत गेली.

शेगडीवरचं मेण जळायला लागलं होतं. तो वास दुकानभर पसरला तरी मी उठलो नाही. धाकट्याची, बेबीची, त्या दलालाची जी घाण वाटत होती, ती सगळी फिरून माझ्याच तोंडात आली.

दुसऱ्या दिवशी विमा कचेरीत गेलो. नंबर लागल्यावर काउंटरवरच्या बाईंनी अर्ज दिला. मी वस्तादांच्या मुलीचं नाव सांगितलं.

"नातं?"

"काही नाही."

"काही नाही असं लिहिता येत नाही. मैत्रीण?"

"छे हो."

"मग परिचित लिहिते. पण कंपनी विचारेल. आणि त्यांची जन्मतारीख, ओळखपत्राची प्रत, फोटो, एवढं लागेल. घेऊन या."

म्हणजे तिच्यासमोर जाणं भाग होतं. गुपचूप पुण्य करायची सोय कंपनीनं ठेवली नव्हती.

ती एका चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला काचा घासते. हे मला ठाऊक होतं. तीस वर्षं त्या रस्त्यानं जायचं टाळायला ते ठाऊक असावंच लागतं. मी पडदा सारून आत गेलो. चाकावर पाणी ठिबकत होतं, तिच्या बोटांत काच होती. केस सगळे पांढरे. हात मात्र हुबेहूब वस्तादांचे, रुंद नखांचे. तिनं मान वर केली आणि एका क्षणात ओळखलं.

"या, कवळीवाले," ती म्हणाली.

मी अर्ज पुढे केला. सांगायला सुरुवात केली, पण ती वाचत होती म्हणून गप्प झालो. तिनं दोन्ही बाजू वाचल्या. चाक बंद केलं.

"परिचित," ती म्हणाली. "बरोबर लिहिलंय. दारापर्यंतचा परिचय."

"मी तेव्हा खोटं बोललो होतो. ते जागे होते."

"माहितीये मला. त्यांचा आवाज ऐकला होता मी. 'कोण आहे रे' म्हणाले होते. मला वाटलं, माझाच आवाज ओळखून विचारतायत आणि तरी आत बोलवत नाहीत. तीस वर्षं मी तेच समजत होते." तिनं काच उजेडावर धरून पाहिली, उगाच. "तू काय सांगितलंस त्यांना?"

"मापवाला आहे म्हणून," मी म्हणालो.

"आणि आता हे काय आणलंस? मी काय करायचं याचं? तू कधी मरतोस याची वाट बघायची? रस्त्यात तुला खोकताना ऐकलं की मला बरं वाटायचं? नको रे बाबा. मला त्या रांगेत उभी करू नकोस. त्या रांगेतली माणसं कशी दिसतात ते तू बघितलंयस, नाही का?"

"बघितलंय," मी म्हणालो. "मी त्यातलाच होतो."

"मग तर नकोच." तिनं अर्ज माझ्या हातात परत कोंबला. "द्यायचं असेल तर जिवंतपणी दे. आता दे. आणि एक आधीच सांगून ठेवते. मी घेईन, कारण ते माझं आहे. पण म्हणून तू मला चांगला वाटशील, तर ते होणार नाही. तुझा चेहरा बघितला की मला मळमळतं."

"मलाही," मी म्हणालो. ती हसली नाही.

मी परत विमा कचेरीत गेलो. त्याच बाई होत्या. नाव बदलायचं नाही, पॉलिसीच मोडायची आहे, असं सांगितलं. त्यांनी हिशेब पाहिला आणि चुकचुकल्या.

"फार तोटा होईल हो. अशीच चालू ठेवलीत तर मागच्यांना याच्या दुप्पट मिळेल."

"तोटा कुणाचा?"

"म्हणजे... तुमच्या मागे राहणाऱ्यांचा."

"मग चालेल," मी म्हणालो.

पैसे यायला महिना लागला. आले त्या दिवशी सगळे काढून तिच्या दुकानात नेऊन दिले. जागेवरून उठायचे कष्ट तिनं घेतले नाहीत. पुडकं खणात टाकलं, खण लावला आणि विचारलं, "पावती हवीय?" मी नको म्हणालो. तिनं चाक सुरू केलं. मला वाटलं होतं बाहेर पडल्यावर हलकं वाटेल. काही हलकं वगैरे वाटलं नाही. तीस वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याला त्याची मुलगी दारात आहे हे न सांगितलेलं, ते पैशांनी सांगून होत नाही.

ही बातमी धाकट्याला कशी लागली देव जाणे. रविवारी सकाळी आला, चप्पल न काढता जिना चढून.

"पॉलिसी मोडलीस म्हणे! आणि कोण ती बाई? आम्ही दोन आठवडे इथे मरमर मेलो, आणि तू परक्या बाईला देऊन मोकळा?"

मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. वस्तादांचे पाय, माझ्या अक्षरातला अर्ज, अर्धं उघडलेलं दार. मला वाटलं होतं, ऐकून त्याला स्वतःचं काही दिसेल. त्याला दिसलं ते भलतंच.

"वा!" तो म्हणाला. तोंडावर एक घाणेरडं समाधान पसरलं होतं. "म्हणजे आम्हाला नाकं मुरडत होतास ती ही नाकं? अरे, मी निदान सख्खा भाऊ तरी आहे. तू तर नोकर होतास. तू कोण लागून गेलास मला नावं ठेवणारा?"

"कुणी नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

जाताना तो दुकानात थांबला. फळीवरचं कुणाचं तरी तोंड उचलून पाहिलं, परत ठेवलं. "दुकानाचं तरी काही केलंयस का? कागद वगैरे?" असं विचारून उत्तराची वाट पाहत राहिला. मी पॉलिशचं मशीन सुरू केलं तसा गेला. त्यानंतर आला नाही.

यंत्र मी हप्त्यानं घेतलं. दिवसभर घरघर करतं, धूळ ओढतं. खोकला थोडा कमी आहे. दुकान कुणाला द्यायचं ते ठरवलेलं नाही. ठरवलं तरी कुणाला सांगणार नाही.

बेबीचा फोन मात्र येतो, आठवड्यातून एकदा. गुडघ्याचं सांगते, सुनेचं गाऱ्हाणं सांगते, मी जेवलो का विचारते. तिला खरंच माझी आठवण येते, की अजून काही उरलंय का याचा अंदाज घेते, मला सांगता येत नाही. पाच मिनिटं बोलतो. मग मी म्हणतो, "काम पडलंय," आणि ती म्हणते, "जप हं दादा," आणि फोन ठेवायचं मात्र दोघंही लांबवत राहतो.